आळशी कोणाला म्हणायचं?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सप्ताहात गच्चीवर झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जे विसरलो ते लिहिताना घातले आहे, आणि जे उगाच लांबले ते कमी केले आहे.)



परवा याच गच्चीवर बी विंगमधल्या अण्णांनी सिद्धरामेश्वरांवर फार सुंदर विवेचन केलं. बाराव्या शतकात या माणसाने सोलापुरात तलाव खोदायला घेतला, आणि देव भेटायचा तर हातात कुदळ घेऊन भेटेल असं मानलं. ‘कायक’ हा शब्द अण्णांनी समजावून सांगितला. काल महिला मंडळाचं भजन झालं. आज माझी पाळी. सचिव म्हणाले, "काका, तुम्ही तुमच्याकडचं काहीतरी सांगा." माझ्याकडचं म्हणजे बायबलातलं, हे मी ओळखलं. पंचवीस वर्षं तुम्ही आमच्याकडे नाताळच्या करंज्या आणि केक खाताय, आणि आम्ही तुमच्याकडचा गड्ड्यावरचा चिवडा आणि संक्रांतीचा तिळगूळ. खाण्याचा हिशोब बरोबरीत आहे. ऐकण्याचा मात्र राहिला होता, तो आज चुकता करतो.

विषय मीच निवडला, कष्ट आणि आळस. निवडायला कारण आहे, पण ते शेवटी सांगेन. बँकेत पस्तीसेक वर्षं काढल्यामुळे कारण आधी न सांगण्याची सवय लागली आहे.

लहानपणी आमच्या घरी रोज संध्याकाळी दिवा लागला की वडील बायबल वाचायचे. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव स्टेशन आलं की ते आम्हाला खिडकीशी बोलवायचे. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून घेऊन सबंध बायबल मराठीत आणलं. त्यासाठी वर्षानुवर्षं खपल्या, ऐकायला कमी येत होतं तरी थांबल्या नाहीत, आणि १९२२ साली काम हातावेगळं झालं तेव्हाच गेल्या. छपाईची कामं आश्रमातल्याच बायकांनी केली. वडील एवढंच सांगायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून मी खिडकीतून शेळ्या मोजत असायचो, हे त्यांना माहीत होतं.

नीतिसूत्रे नावाचं एक पुस्तक बायबलात आहे. राजा शलमोनाच्या नावावर चालतं. त्यात आळशी माणसाची जी चेष्टा केली आहे, ती वाचताना मला आपल्या म्हाताऱ्या आत्या-मावश्यांची आठवण होते. आपल्याकडे ‘दे रे हरी खाटल्यावरी’ म्हणतात ना, त्याच धाटणीचं. हा आळशी माणूस बिछान्यात कसा कूस बदलतो, तर दार बिजागरीवर फिरतं तसा. हलतो खूप, जागेवरून जात नाही. ताटात हात घालतो, पण घास तोंडापर्यंत न्यायचा त्याला कंटाळा. आणि घराबाहेर का पडत नाही म्हणून विचारलं तर सांगतो, रस्त्यावर सिंह आहे! सिंह कोणी पाहिलेला नाही. पण सिंह आहे.

मग त्याला सांगितलंय, मुंगीकडे जा आणि बघ. मुंगीची गोष्ट तुम्हाला नवीन नाही. पण त्यातली एक बारीक जागा मला बँकेत लागल्यावर कळली. मुंगीवर मुकादम नाही, वरिष्ठ नाही, राजा नाही, असं तिथं मुद्दाम म्हटलंय. म्हणजे तपासणीला कोणी येणार नाही हे माहीत असतानाही ती उन्हाळ्यात साठा करते. बँकेत ऑडिटर येणार म्हटलं की आठ दिवस आधी आम्ही सगळे मुंग्या व्हायचो. ऑडिटर गेला की पुन्हा बिजागरी.

आता संस्थेपुरतं बोलायचं तर मी आठ वर्षं आपला सचिव होतो, तेव्हाची एक गोष्ट सांगतो. जुन्या सभासदांना आठवेल. मागची, नाल्याकडची कंपाउंडची भिंत. तिला तडा गेला होता. मी मिनिट बुकात लिहिलं, ‘भिंतीच्या दुरुस्तीबाबत पुढील बैठकीत विचार करण्यात येईल.’ पुढच्या बैठकीत हेच लिहिलं. त्याच्या पुढच्या बैठकीत गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब, आणि अर्ध्या तासाने त्याच जागी त्याच चारजणांची सभा. त्यातही हेच. कोटेशन मागवायचं होतं तीन ठिकाणी, एक आलं, दोन यायची होती. पावसाळा तोंडावर आहे, आता कोण बांधकाम काढणार? हे आमचे सिंह. दोन पावसाळे गेले आणि एका रात्री भिंत नाल्यात न पडता आतल्या बाजूला पडली. तीन स्कूटर दबल्या. रात्रीचे अडीच वाजले होते म्हणून बरं. संध्याकाळी साडेसहाला त्याच भिंतीवर चेंडू मारून पोरं क्रिकेट खेळत होती.

नीतिसूत्राच्या चोविसाव्या अध्यायात एकजण आळशाच्या शेताजवळून जातो. बघतो तर सगळीकडे काटे माजलेत, आणि दगडी भिंत ढासळलेली. सकाळी त्या ढिगाऱ्यासमोर उभा होतो तेव्हा मला वडिलांचा आवाज ऐकू आला म्हणालो तर तुम्ही हसाल, पण आला. दुरुस्तीला जे लागलं असतं त्याच्या चौपट खर्च आला आणि तो तुम्ही सगळ्यांनी वर्गणीने दिला. त्याबद्दल कोणी मला एक शब्द बोललं नाही. पुढच्या निवडणुकीत बिनविरोध निवडूनही दिलंत, कारण दुसऱ्या कोणाचा अर्जच नव्हता.

पौलाच्या पत्रातही आपल्यासारख्या संस्थांना लागू पडेल असं एक आहे. पौल हा मोठा प्रचारक, पण पोट भरायला तंबू शिवायचा. करिंथ शहरात अक्विला आणि प्रिस्किल्ला नावाचं एक जोडपं त्याच धंद्यातलं होतं, त्यांच्याकडे राहून त्याने काम केलं. थेस्सलनीकातल्या लोकांना त्याने फार कडक लिहिलंय, की ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने जेवायलाही बसू नये. पुढे तो म्हणतो की तुमच्यातले काहीजण स्वतः काम काही करत नाहीत, दुसऱ्यांच्या कामात लुडबुड तेवढी करतात. हे वाक्य नोटीस बोर्डावर लावावं असं मला अनेकदा वाटलं होतं. (हशा झाला. कोणाकडे बघून झाला ते लिहीत नाही.)

इथपर्यंत सोपं आहे. इथपर्यंतचं भाषण मी पूर्वीही दोन-तीन ठिकाणी केलेलं आहे आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या आहेत. आता जे सांगणार आहे ते आजवर कुठे सांगितलेलं नाही.

साल १९९६. मी एका शाखेत कर्ज विभागाला होतो. सोलापूरच्या तुम्हा लोकांना त्या काळाचं वर्णन करायची गरज नाही. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी तर साठच्या दशकातच बंद पडली होती. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूही बंद झाली. ज्या गावाचं घड्याळ भोंग्यावर चालायचं, तिथं भोंगाच वाजेना. हजारो घरांतले कर्ते पुरुष सकाळी उठून आंघोळ करून तयार, आणि जायला जागा नाही.

त्यातला एकजण माझ्या टेबलासमोर आला. साचेखात्यात वीस वर्षं काम केलेला. वय पंचेचाळीसच्या आसपास. टॉवेलच्या कडा शिवायची एक जुनी मशीन विकायला होती, ती घ्यायला त्याला बारा हजार रुपये हवे होते. त्याला मी ओळखत होतो. नावाने नाही, चेहऱ्याने. शाखेत जाताना माझी स्कूटर गिरणीच्या बंद गेटवरून जायची. तिथल्या कट्ट्यावर सात-आठजण रोज सकाळी बसलेले असायचे. पेपर वाचायचे, पान खायचे, बिडी ओढायचे. त्यातला हा एक. दिवसच्या दिवस कट्ट्यावर घालवणारा माणूस मशीन घेऊन काय दिवे लावणार, असं माझं मत रोज जाता-येता आपोआप तयार झालं होतं.

नियम असा होता की कर्जाआधी अधिकाऱ्याने अर्जदाराच्या घरी जाऊन पाहणी करायची. पूर्वभागातली वस्ती, मे महिन्याचं ऊन, सोलापूरचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. मी गेलो नाही. टेबलावर बसून अहवाल लिहिला. ‘स्थळपाहणी केली. अर्जदारास उद्योगाची आवड दिसत नाही. परतफेडीची शक्यता कमी. नामंजूर करावे.’ खाली सही. अक्षर माझं चांगलं आहे, तिथं तर फारच छान आलं होतं.

मत्तयाच्या शुभवर्तमानात एक दाखला आहे. मालक परदेशी जाताना तीन चाकरांना पैसे सोपवतो. एकाला पाच थैल्या म्हणा, एकाला दोन, एकाला एक. पहिले दोघे धंदा करून दुप्पट करतात. तिसरा खड्डा खणतो आणि पैसे पुरून ठेवतो. मालक परत आल्यावर त्याच्यावर भडकतो, म्हणतो, निदान सावकाराकडे ठेवले असतेस तर व्याज तरी मिळालं असतं. बँकेतल्या माणसाला हा दाखला फार आवडतो, कारण सबंध बायबलात व्याजाबद्दल बरं बोललेलं जवळजवळ एवढंच! पण त्या तिसऱ्या चाकराला मालक आळशी म्हणतो, आणि तो स्वतः मात्र सांगतो, मला भीती वाटली म्हणून पुरले. मी हे कितीतरी वर्षं वाचत होतो. भीती आणि आळस ही एकाच माणसाची दोन नावं आहेत हे लक्षात आलं नव्हतं. आमच्यात असे अधिकारी होते, ज्यांची सगळी कारकीर्द एकही कर्ज बुडालं नाही म्हणून गाजली. बुडालं नाही, कारण दिलंच नव्हतं. मी त्यांच्यातला एक होतो. पैसे जमिनीत पुरून वर चांगल्या अक्षरात अहवाल लिहीत होतो.

पुढचं ऐका. दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या एका कर्जाच्या वसुलीसाठी मी त्याच वस्तीत गेलो. वसुलीला ऊन लागत नाही, हेही एक नवलच. शेजारच्या खोलीत त्याचं घर होतं म्हणून सहज विचारलं. शेजारची बाई सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसली होती. हात न थांबवता बोलली. तो रात्री उशिरापर्यंत बायकोला तेंदूची पानं कापून द्यायचा, म्हणजे तिच्या दिवसाच्या हजार बिड्या पुऱ्या व्हायच्या. पुरुषाने हे काम करायचं म्हणजे कमीपणा, म्हणून दार लावून करायचा. सकाळी गेटवर का बसायचा, तर युनियनची माणसं तिथं यायची, थकलेल्या देण्यांची काही बातमी लागते का बघायला, आणि बदलीवर हातमागाचं किंवा पॉवरलूमचं काम असलं की मालकांची माणसं त्याच कट्ट्यावर शोधत यायची. तो कट्टा म्हणजे त्यांचं काम शोधायचं ऑफिस होतं. मला तो पानाचा अड्डा वाटला, कारण मी कधी स्कूटर थांबवली नव्हती.

"आता कुठं असतात ते?" मी विचारलं.

"भिवंडीला गेले की, बिऱ्हाडासकट. पोरगीची शाळा सुटली." एवढं बोलून तिने पुढची बिडी घेतली.

मी त्याला पुन्हा कधी पाहिलं नाही. माफी मागायची तर कोणाकडे मागणार? म्हणून आज तुमच्यासमोर सांगतो. त्या प्रकरणात आळशी एकजणच होता, आणि त्याची पगारी नोकरी चालू होती.

त्यानंतर मी नीतिसूत्रं पुन्हा पहिल्यापासून वाचली. बँकवाल्याच्या नजरेने, म्हणजे मालमत्ता कोणाच्या नावावर आहे ते बघत. आणि एक गोष्ट दिसली. ज्याची तिथं टिंगल केली आहे त्याच्याकडे शेत आहे, द्राक्षमळा आहे, बिछाना आहे, वाढलेलं ताट आहे. असून तो हात हलवत नाही. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याबद्दल त्याच पुस्तकात तेराव्या अध्यायात वेगळंच लिहिलंय, की गरिबाच्या पडीक जमिनीतही भरपूर पिकतं, पण अन्यायामुळे ते वाहून जातं. ही ओळ मी लहानपणी ऐकलीच असणार. लक्षात राहिली नाही. मुंगी तेवढी राहिली.

आणि एक आठवण अशी वर आली जिने मला जास्तच लाज वाटली. कारण हे सगळं मी तरुणपणी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

१९७२चा दुष्काळ. मी नुकताच पदवीधर झालो होतो. नोकरी नाही. मंगळवेढा-सांगोल्याच्या बाजूला एका पाझर तलावाच्या कामावर मस्टर लिहायला लागलो. आजच्या मुलांना सांगतो, मस्टर म्हणजे हजेरीपट. मे १९७३ मध्ये सबंध महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. खडी फोडत होती, माती वाहत होती. ज्यांच्या घरी पाच-पाच बैलजोड्या होत्या ती माणसं बायकोसकट खडी फोडायला बसली होती. कोणी आळशी म्हणून तिथं आलं नव्हतं. मंगळवेढ्याची काळी जमीन, जी ज्वारीचं कोठार म्हणून ओळखली जाते, तिला भेगा पडल्या होत्या.

एके दिवशी वीस-पंचवीस माणसं सकाळपासून लिंबाच्या झाडाखाली बसलेली. मी त्यांच्याकडे बघून मनात म्हटलं, बघा, काम समोर आहे आणि हे सावलीत बसलेत. दुपारी तीनच्या सुमाराला इंजिनिअर साहेब जीपमधून आले. गाडीतून उतरले ते सरळ झाडाकडे गेले आणि त्यांना विचारलं, का बसलाय म्हणून. त्यातला म्हातारा उठून म्हणाला, "साहेब, आमची नावंच घेतली न्हाईत." त्यांच्या गावचं काम आदल्या दिवशी बंद झालं होतं. पहाटे निघून सात-आठ मैल चालत आले होते. माझ्या मस्टरवर जागा संपली म्हणून मी त्यांना सकाळी थांबा म्हणालो होतो, आणि विसरलो होतो. साहेबांनी नवीन मस्टर उघडायला लावलं. त्या दिवशी त्यांना सुकडी तेवढी मिळाली. दुसऱ्या दिवसापासून काम.

आता बायबलातला द्राक्षमळ्याचा दाखला ऐका. द्राक्षमळा आपल्याला परका नाही. इथं नान्नजला नानासाहेब काळ्यांनी ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ या जाती काढल्या, त्या सगळीकडे गेल्या. ऑक्टोबर छाटणीला मजूर किती लागतात आणि किती घाईने लागतात, ते आपल्यात शेती असणाऱ्यांना माहीत आहे. तर मळ्याचा मालक पहाटे चौकात जाऊन मजूर आणतो. नऊला पुन्हा जातो, बाराला जातो, तीनला जातो. शेवटी पाच वाजता जातो तर अजून काही माणसं उभीच आहेत. त्यांना तो विचारतो की दिवसभर असे रिकामे का उभे राहिलात? ते सांगतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. तो म्हणतो, तुम्हीही मळ्यात जा. आणि संध्याकाळी पहाटेपासून राबलेल्यांना जेवढी मजुरी, तेवढीच पाच वाजता आलेल्यांना देतो. त्यावरून पुढे कुरकुर होते, आणि तुमच्यापैकी काहींच्या मनात आत्ताही झाली असणार. माझ्याही मनात होते. बँकेत असं व्हाउचर कोणी पास करणार नाही.

पाळक लोक या दाखल्याचा अर्थ देवाची कृपा असा सांगतात, आणि तो बरोबरच आहे. पण मस्टर कारकून म्हणून माझं लक्ष मजुरीच्या आधीच्या प्रश्नावर जातं. मालकाने लांबून बघून मत बनवलं नाही. जवळ जाऊन विचारलं, आणि उत्तर खरं मानलं. काम मागणाऱ्याला काम द्यायची जबाबदारी सरकारची, हा विचार वि. स. पागे यांनी आपल्या राज्यात मांडला आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. रोजगार हमी. त्या कायद्याच्या मुळाशी तोच प्रश्न आहे आणि तेच उत्तर. रिकामा दिसणारा माणूस काम नको म्हणून रिकामा आहे, असं धरून चालायचं नाही.

बिड्या वळणाऱ्या बाईचं मघाशी सांगितलं. नीतिसूत्रांच्या अगदी शेवटी एका सद्गुणी स्त्रीचं वर्णन आहे. लग्नात वगैरे ते वाचतात. ती अंधार असतानाच उठते, हातात चाती धरते, कापड विणून व्यापाऱ्याला विकते, रात्री तिचा दिवा विझत नाही. हे वर्णन ज्याने केलं त्याने आपला पूर्वभाग पाहिला नव्हता, पण अशोक चौकाकडे रात्री दहाला गेलात तर तुम्हाला दिसेल. तिचा नवरा कुठे असतो? गावच्या वेशीत, वडीलधाऱ्यांत बसलेला! मी हसायचो त्याला. पण वेस म्हणजे त्या काळी व्यवहार, न्याय, बातमी सगळं जिथं चालायचं ती जागा. गिरणीचं गेट म्हणा ना.

आणि या बायका काय करू शकतात तेही आपल्या गावात दिसलं. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार महिलांची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. आडम मास्तरांनी मोर्चे काढून काढून ती उभी केली. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि बिड्या वळून साठवलेला स्वतःचा वाटा, असं करून १०,००० घरं झाली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी सोलापूरला आले होते. मास्तरांच्या राजकारणाशी माझं जमत नाही, ते बाजूला ठेवा. आपण अठ्ठेचाळीस सभासद, सगळे पेन्शनवाले, नोकरदार, दुकानदार, आणि आपल्याला वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही. त्यांनी १०,००० घरांची संस्था चालवली. आपण दोघंही एकाच सहकार कायद्याखाली नोंदलेले आहोत.

आता सुरुवातीला म्हणालो ते कारण.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर सातवा विषय आहे, ‘रात्रपाळीच्या पहारेकऱ्यास कामावरून कमी करणे.’ त्याचं कारण दिलंय, ‘कामात आळशीपणा, ड्यूटीवर झोपतो.’ त्याचा मोबाइलवर काढलेला फोटोही ग्रुपवर फिरला. खुर्चीत मान टाकून झोपलेले मामा. खाली कोणी हसरे चेहरे टाकले, कोणी रागाचे. मीही एक अंगठा टाकला होता. सवय जात नाही.

मग जुनी गोष्ट आठवली आणि त्या रात्री पावणेदोनला खाली गेलो. मामा खडबडून उठले. "साहेब, झोपलो नव्हतो, डोळा लागलता." मी म्हटलं, बसा, मीही बसतो. चहाचा थर्मास घेऊन गेलो होतो. तासभर बसलो. सकाळी आठ ते रात्री आठ ते एमआयडीसीत पॉवरलूमवर असतात. रात्री नऊला आपल्याकडे. सकाळी सात वाजता सुटतात आणि आठला पुन्हा साच्यावर. दोन मुलींची शिक्षणं चालू आहेत, एक नर्सिंगला आहे. आपण देतो त्या पगारात एवढंच होतं, आणि साच्यावरच्या पगारात एवढंच होतं, म्हणून दोन्ही. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांतून एकदा पाणी येतं. तेही कधी रात्री तीनला, तर कधी चारला. तेव्हा उठून मोटार लावतं कोण, टाकी भरल्यावर बंद करतं कोण? पंचवीस वर्षांत टाकी वाहून गेली असं जे कमी वेळा झालं, ते झोपणाऱ्या माणसामुळे झालं नाही.

चोवीस तासांतले बावीस तास काम करणाऱ्या माणसावर आळशी म्हणून ठराव. माझ्या १९९६च्या अहवालाच्या खालोखाल सुंदर अक्षरात लिहिलेला.

मी काही मामांचा वकील नाही. रात्री चोरी झाली तर झोपलेल्या पहारेकऱ्याचा उपयोग काय, हा प्रश्न खरा आहे. सी विंगच्या ताईंची सायकल गेली ती परत आलेली नाही. पण १२७वं स्तोत्र बघा. त्यात म्हटलंय की देवच जर नगर राखत नसेल तर पहारेकऱ्याचं जागणं व्यर्थ आहे. आणि लगेच पुढे म्हटलंय की पहाटे उठणं, रात्री उशिरा निजणं, कष्टाची भाकर खाणं हेही व्यर्थच, कारण देव आपल्या आवडत्या माणसांना झोप देतो. पहारेकरी आणि झोप, दोन्ही एका जागी. सातव्या दिवशी विश्रांती घ्या ही आज्ञाही दिली ती नुसती मालकाला नाही. चाकर, दासी, बैल, गाढव, आणि वेशीच्या आत राहणारा परका माणूस, सगळ्यांची नावं घालून दिली आहे. कष्टाची एवढी तारीफ करणाऱ्या ग्रंथात बैलालासुद्धा सुटी आहे. मामांना आपण महिन्यातून किती देतो ते मी रजिस्टरमध्ये बघितलं. इथे आकडा सांगत नाही. सांगण्यासारखा आकडाच नाही.

म्हणून मी कार्यकारिणीला एक अर्ज दिलेला आहे. त्यात तीन गोष्टी आहेत. सातवा विषय मागे घ्यावा. रात्रीची पाळी दोन माणसांत विभागावी, नऊ ते तीन आणि तीन ते सात, आणि मामांना यातली कुठलीही एक पाळी आत्ताच्या पगारात द्यावी. दुसऱ्या माणसासाठी देखभाल वर्गणीत दरमहा प्रत्येकी दोनशे ऐंशी रुपये वाढ लागते. हिशोब मी करून जोडलाय, चुकला असेल तर खजिनदारांनी दाखवावा. आणि तिसरी, दुसरा माणूस मिळेपर्यंत पाणी येईल त्या रात्री मोटार लावायचं काम आपण सभासदांनी पाळीपाळीने करायचं. पहिल्या आठवड्याला माझं नाव लिहिलेलं आहे. गुडघे दुखतात, पण जिन्याला कठडा आहे.

अर्जावर आत्तापर्यंत चौदा सह्या झाल्या आहेत. कागद खाली नोटीस बोर्डाशेजारी, पेनाला दोरी बांधून ठेवलाय. सभा रविवारी सकाळी दहाला आहे.